डावीकडची पेटी

वाघोली, पुणे
रविवार, ६ जुलै २०१४

प्रिय दिग्विजय,

जय भीम. सांगलीचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. त्यांनी फोन नंबरही दिला, पण कानाचं यंत्र लावूनही मला फोनवरचं बोलणं समजत नाही, आणि पोरीला, मैत्रीला, मध्ये घालून बोलावं असा हा विषय नाही. म्हणून पत्र. तूही पत्रानेच उत्तर दे. अक्षराची लाज बाळगू नकोस. मोजणी खात्यात छत्तीस वर्षं मी इतरांची अक्षरंच वाचली आहेत.

आमच्या समाधानला जाऊन दहा ऑक्टोबरला वर्ष होईल. त्याची मोटरसायकल जानेवारीत पोलीस ठाण्यातून सुटून आली, तेव्हापासून जिन्याखाली उभी आहे. मैत्री दर रविवारी सकाळी ती दहा मिनिटं सुरू ठेवते. समाधानची आई तेवढा वेळ स्वयंपाकघरातला नळ सोडून ठेवते. पाणी वाया जातं, पण मी ते जाऊ देतो.

गाडीच्या दोन्ही बाजूंना सामानाच्या ॲल्युमिनियमच्या पेट्या आहेत, त्या तुला माहीतच आहेत. डावीकडची फाटली आहे. उजवीचं झाकण बसत नाही. मैत्रीचं म्हणणं, नवी जोडी घेऊ. कशासाठी, ते ती नीट सांगत नाही. माझ्या मनात दुसरं आहे. गाडीच्या संगणकाला जोडून दोष वाचायचा स्कॅनर मिळतो, असं समाधान सांगायचा. तो घ्यावा असं मला वाटतं. पेन्शनीत दोन्ही होणार नाही, एकच काहीतरी घ्यायचं आहे.

स्कॅनर का, ते लिहितो. मार्चमध्ये मी एसटीने शिरूरच्या पुढे, अपघाताच्या जागी जाऊन आलो. घरी सांगितलं नाही. तिथे हिराबाई नावाच्या बाईंची चहाची टपरी आहे. समाधान त्या सकाळी तिथे थांबला होता. त्या म्हणाल्या, "च्या घेतला, बिस्कीट घेतलं, पैसं दिलं आन् गेला. गाडीचा आवाज येत हुता. मंग एकदम थांबला. वळणाकडं बघितलं तर पडल्याला." म्हणजे आवाज आधी थांबला, नंतर तो पडलेला दिसला. याचा अर्थ गाडी चालता चालता बंद पडली असणार. त्याआधी आठवडाभर ती अशीच मध्येच बंद पडत होती म्हणून त्याने ती तुझ्याकडे आणली होती आणि तू दुरुस्त करून दिली होतीस. मग पुन्हा का बंद पडली? ठपका ठेवण्यासाठी विचारत नाही. मला कळायला हवं, इतकंच.

कंपनीच्या केंद्रात तपासून मिळेल, हे मला ठाऊक आहे. पण दुसऱ्याने ओढलेल्या साखळीच्या मापावर आम्ही मोजणीवाले सही करत नाही. यंत्र माझ्या हातात हवं. काम झाल्यावर ते कपाटात ठेवून मी काय करणार? तुझ्या वाघोलीच्या गॅरेजचं शटर बंद होऊन नऊ महिने झाले. तू परत येऊन ते उघडणार असशील, तर स्कॅनर तुझा.

पेट्या घ्याव्यात की स्कॅनर, ते कळव.

तुझा,
रामदास तायडे


सांगली
१९ जुलै २०१४

आदरणीय काका,

जय भीम. काकूंना नमस्कार.

दहावीच्या पेपरात पत्र लिहिलं होतं, त्यानंतर हेच. चुका पोटात घाला. मी वही घेऊन बसलेलो बघून हिंदुरावमामा म्हणाले, "काय रे, प्रेमपत्र का राजीनामा? राजीनामा असेल तर आधी ती स्कूटर पुरी कर." मामांच्या गॅरेजात असंच चालतं.

काका, तुम्ही पेट्या घ्या. स्कॅनरचं मनावर घेऊ नका. स्वस्तातले स्कॅनर येतात ते प्रत्येक गाडीला लागत नाहीत. लागले तरी नुसते आकडे दिसतात, त्यांचा अर्थ लावायला अनुभव लागतो. त्यात गाडी तीन महिने पोलीस ठाण्यात उघड्यावर होती. आता तिच्यात काय सापडणार?

माझं ऐकाल तर नव्या पेट्या बसवा आणि गाडी विकून टाका. पेट्यांसकट असली की गिऱ्हाईक लवकर मिळतं. रोज जिन्याखाली तिला बघून तुम्हाला काय मिळतं?

गाडी बंद पडत होती हे खरं. मी ती बघून दिली होती. एवढंच.

गॅरेजचं आता नको. इथे बरं चाललंय.

तुमचा,
दिग्विजय


वाघोली
रविवार, १० ऑगस्ट २०१४

प्रिय दिग्विजय,

पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे, उगाच घाबरवलंस.

तू "एवढंच" असं लिहिलं आहेस. तू कमी बोलणारा, समाधानही तसाच. तासन् तास एका गाडीपाशी बसून तुम्ही दोघे काय करायचात, असा मला प्रश्न पडायचा. समाधानच्या जलदानविधीला तू आला नाहीस, पुण्यानुमोदनालाही नाही. आम्ही त्याचा अर्थ असा लावला की तुला सहन होत नसेल. समाधानची आई अजून विचारते, दिग्विजय जेवायला कधी येतो.

तुझं उत्तर आल्यावर मी टेप घेऊन गाडीपाशी बसलो. सवय जात नाही. डाव्या पेटीचं फाटणं एकतीस सेंटिमीटर. हँडलचं डावं टोक घासलेलं. साइड स्टँड मागच्या बाजूला वाकलेला आणि त्याचं खालचं टोक घासून नाण्यासारखं चकचकीत झालेलं. हे सगळं पडल्यावर झालं असणार. आरटीओच्या तपासणीत ब्रेक आणि टायर चांगले निघाले. रस्ता कोरडा होता. दुसरं वाहन नव्हतं. मग इंजिन बंद पडण्याशिवाय उरतं काय?

गाडी विकायची नाही. मैत्री पेट्या कशासाठी मागते ते परवा कळलं. तुला माहीत आहे, आम्ही निवृत्त मंडळी विजयादशमीला नागपूरला दीक्षाभूमीवर पुस्तकांचा छोटा स्टॉल लावतो. बाकी सामान आमच्याबरोबर रेल्वेने जातं, पण वंदनेच्या पुस्तिका बांधणीवाल्याकडून नेहमी उशिरा मिळतात. त्या समाधान पेट्यांमध्ये भरून मागून आणायचा. गेल्या वर्षीच्या पुस्तिका पोलिसांनी पोत्यात भरून परत दिल्या. यंदा त्याच गाडीवरून मैत्री पुस्तिका नेणार म्हणते. एक ऑक्टोबरला सकाळी निघायचं. हडपसरच्या तिच्या ऑफिसात रजा टाकून झाली. मी म्हटलं, "आईला विचारलंस?" ती म्हणाली, "तुम्हाला तरी कुठे विचारतेय, बाबा? सांगतेय."

ती चोवीस वर्षांची आहे, मिळवती आहे. गाडी तिला समाधाननेच शिकवली, तीही तुझ्या गॅरेजसमोरच्या रस्त्यावर. तिला मी कोणत्या तोंडाने अडवू? पण आजकाल ती भाजी आणायला स्कूटीवर गेली तरी मी फाटकापाशी उभा राहतो. अन्न जात नाही. एक मूल त्या रस्त्यावर गेलं. दुसऱ्याला त्याच गाडीवर, त्याच रस्त्याने पाठवायचं, तर ती गाडी मध्येच बंद पडणार नाही हे मला आधी माहीत हवं.

म्हणून पुन्हा विचारतो. स्कॅनरमध्ये खरंच काही सापडणार नाही का? वेळ थोडा आहे.

तुझा,
रामदास तायडे


सांगली
२ सप्टेंबर २०१४

आदरणीय काका,

जय भीम. उत्तराला उशीर झाला, माफ करा. दोनदा लिहून फाडलं.

मी आधी चुकीचं सांगितलं. मामांशी बोललो. त्यांच्याकडे एक जुना स्कॅनर आहे, त्यावर मी बघितलंही. तुमचं बरोबर आहे, स्कॅनरने तपासून घ्या. पण लगेच विकत घेऊ नका. हडपसरला संभाजी म्हणून माझ्या ओळखीचा मेकॅनिक आहे, त्याला घरी बोलवा. तो तुमच्यासमोर जोडून दाखवील. मशीन पटलं तर मग घ्या.

पण मैत्रीला पाठवू नका. मुलीने एकटीने साडेसातशे किलोमीटर जायचं म्हणजे काय? रस्त्याला कसकसली माणसं भेटतात. तिला तुमच्याबरोबर रेल्वेने न्या. पुस्तिका ट्रॅव्हल्सच्या बसने टाका, दुसऱ्या दिवशी पोचतात.

आणि वाकलेला साइड स्टँड तेवढा बदलून घ्या. तोपर्यंत गाडी मधल्या स्टँडवरच लावत जा. मैत्रीलाही सांगा. विसरू नका.

काकूंना सांगा, येईन.

तुमचा,
दिग्विजय


वाघोली
रविवार, २१ सप्टेंबर २०१४

प्रिय दिग्विजय,

जय भीम. आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो, म्हणून लगेच लिहायला बसलो आहे.

काल संभाजी येऊन गेला. अर्धा तास उशिरा आला आणि आल्या आल्या म्हणाला, "तुमच्या वाघोलीला यायचं म्हणजे नगरला जाऊन आल्यासारखंय." सीट काढून त्याने स्कॅनर जोडला. मी शेजारी स्टूल घेऊन बसलो आणि पडद्यावर उमटेल ते वहीत उतरवून घेतलं. एकही दोष नाही. जुनाही नाही, नवाही नाही. मी त्याला तीनदा तपासायला लावलं. शेवटी तो म्हणाला, "काका, गाडी तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे. आता तुम्हालाच जोडू का?" मैत्री इतकी हसली की तिची आई बाहेर येऊन बघून गेली.

तो गेल्यावर मी गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक काढलं. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा मी पहिलाच असेन, असं मैत्रीचं म्हणणं. त्यात लिहिलंय की साइड स्टँड खाली असताना गिअर टाकला, तर इंजिन आपोआप बंद पडतं. आम्ही करून पाहिलं. मैत्रीने स्टँड खाली ठेवून पहिला गिअर टाकला. इंजिन बंद पडलं नाही, चालूच राहिलं. छापलेलं सगळं प्रत्येक गाडीला लागू पडतंच असं नाही. पण माझ्या मनातला शेवटचा किंतु तिथे गेला. जिथे बंद पडायला हवी तिथेही ही बंद पडत नाही, म्हणजे बंद पडण्याची खोड समूळ गेलेली आहे. तुझं काम चोख होतं.

आता कबूल करायला हरकत नाही. इतके महिने मला तुझ्या कामाची शंका होती. पहिल्या पत्रात "ठपका ठेवण्यासाठी विचारत नाही" असं लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. मला क्षमा कर. समाधान कसा पडला हे आता कळणार नाही. कदाचित डुलकी लागली असेल, कदाचित कुत्रं आडवं आलं असेल. त्याला इलाज नाही.

स्कॅनर घेत नाही. पेट्यांची नवी जोडी सांगितली आहे, सत्तावीसला येईल. वाकलेला स्टँड कोपऱ्यावरच्या लोहाराकडून सरळ करून आणला. मैत्री एक तारखेला सहा वाजता निघेल. आम्ही आदल्या दिवशीच्या रेल्वेने पुढे जाऊ. आईला तिने काल सांगितलं.  आईने कपाटातून समाधानचं जॅकेट काढून उन्हात टाकलं.

तुझ्या सल्ल्यावर मैत्रीचा निरोप आहे, जसा दिला तसा लिहितो: "त्याला सांगा, सांगलीत बसून मुलींनी काय करावं ते सांगायला पाच रुपयांचं तिकीट पुरतं. अक्कल वेगळी घ्यावी लागते." मनावर घेऊ नकोस. तिला तुझी आठवण येते, म्हणून बोलते.

तुझा,
रामदास तायडे


सांगली
२४ सप्टेंबर २०१४

काका,

तुमचं पत्र आज दुपारी मिळालं. पहिल्यांदा मैत्रीला फोन केला. गाडीला हात लावू नको, एवढंच बोललो. तिने का म्हणून विचारलं, मी फोन ठेवला. कारण आधी तुम्हाला सांगायचं होतं. हे पत्र स्पीड पोस्टाने टाकतोय.

गाडी ठणठणीत नाही. स्टँड खाली असताना ती बंद पडायलाच पाहिजे. माणूस स्टँड वर घ्यायला विसरला तर गाडी पुढे जाऊच नये, म्हणून कंपनीने तिथे एक स्विच दिलेला असतो. समाधानच्या गाडीचा तो स्विच खराब झाला होता. स्टँड वर असला तरी गाडीला तो खाली आहे असं वाटायचं, म्हणून ती चालताना मध्येच बंद पडायची. नवा स्विच यायला चार दिवस लागणार होते. समाधानला घाई होती. मी स्विच काढून टाकला आणि वायरी एकमेकींना जोडल्या. याला आम्ही डायरेक्ट करणं म्हणतो. रस्त्यावरचा प्रत्येक मेकॅनिक करतो. गाडी बंद पडायची थांबली. पण स्टँड खाली राहिला तरी आता ती बंद पडणार नव्हती, स्टँडचा सूचनेचा दिवाही लागणार नव्हता. मी त्याला म्हटलं होतं, स्टँडकडे लक्ष ठेव, परत आलास की स्विच टाकू. तो हो म्हणाला होता.

तो चहाला थांबला होता हे मला तुमच्या पहिल्या पत्रातून कळलं. ते वाचल्यावर मी दिवसभर पाना हातात धरला नाही. तरी मनाला सांगत होतो की तसं नसेल. मग तुम्ही मापं पाठवलीत. टोक नाण्यासारखं चकचकीत झालंय. काका, गाडी आडवी पडली की स्टँड वाकू शकतो, पण त्याचं टोक असं घासत नाही. तो खाली होता आणि गाडी चालत होती. डाव्या वळणाला गाडी डावीकडे झुकली, स्टँड रस्त्याला टेकला आणि गाडी उचलली गेली. आवाज आधी थांबला नाही. तो आधी पडला, म्हणून आवाज थांबला.

मी तुम्हाला पेट्या घ्या म्हणालो, कारण स्कॅनरमध्ये माझं काम दिसेल अशी भीती वाटली. नंतर मामांना दुसऱ्याच गाडीचं नाव सांगून विचारलं. ते म्हणाले, "डायरेक्ट केलेली वायर मशीनला चांगलीच दिसते. त्याला काय माहीत स्विच हाय का न्हाई?" त्यांच्या स्कॅनरवर करून बघितलं. खरंच काही दिसत नाही. तेव्हा मी तुम्हाला स्कॅनर घ्या म्हणून लिहिलं. मैत्रीने जाऊ नये म्हणून बाकीचं लिहिलं. वाटलं, तेवढ्याने थांबेल.

तुम्ही माझी क्षमा मागितलीत. ते वाचून मी उठून बाहेर गेलो.

सीटखाली डाव्या बाजूला बघा. काळ्या टेपने गुंडाळलेला जोड आहे. तो तसाच ठेवा किंवा पोलिसांना दाखवा. मी सांगलीतच आहे. कुठे जाणार नाही.

दिग्विजय


वाघोली
रविवार, ५ ऑक्टोबर २०१४

दिग्विजय,

तुझं पत्र सव्वीसला मिळालं.  तुझ्या फोननंतर दोन दिवस मैत्री तुला फोन करत राहिली, तू उचलला नाहीस. ते बरं केलंस असं मी म्हणणार नाही.

पत्र मी फाटकापाशीच वाचलं. मग सीट काढली. जोड सापडला. चार सेंटिमीटर लांब, टेप सुबक गुंडाळलेली. मी बराच वेळ तो बोटांत धरून बसलो होतो. मैत्रीने विचारलं, "बाबा, काय सापडलं?" मी पत्र तिच्या हातात दिलं. तिने ते वाचून घडी घालून परत दिलं आणि आत जाऊन रजा रद्द करून आली. त्यानंतर तुझं नाव तिने घेतलेलं नाही. ती काय करेल ते मला सांगता येत नाही.

पुस्तिका आम्ही रेल्वेने बरोबर नेल्या. बांधणीवाल्याने यंदा वेळेवर दिल्या. मी स्वतः जाऊन तिथे दोन दिवस बसलो होतो. हे गेल्या वर्षीही करता आलं असतं.

आता माझं लिहितो. "समाधानला घाई होती," असं तू लिहिलं आहेस. घाई त्याला नव्हती. मला होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, "बाबा, गाडीचा एक पार्ट चार दिवसांनी येतोय. पुस्तिका बसने पाठवू या का?" मी म्हटलं, "तुझं दर वेळी काहीतरी असतंच. तुझ्या गाडीसाठी विजयादशमी थांबणार आहे का?" तो गाडी घेऊन तसाच तुझ्या गॅरेजकडे गेला. सकाळी निघून गेला. तू मला हे सांगणं टाळलंस, की तुला त्याने सांगितलंच नव्हतं, ते मला माहीत नाही. त्याचा स्वभाव बघता त्याने सांगितलं नसेल.

हे मी वर्षभर कोणाला बोललो नाही. स्कॅनर मला यासाठी हवा होता. इंजिनातच दोष निघाला असता, तर तो तुझाही नसता आणि माझाही नसता. शिरूरला जाऊन त्या बाईंच्या बोलण्यातून मी मला हवं तेच काढलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधांची मापं घेतली, आणि चकचकीत झालेलं लोखंड समोर असून मला दिसलं नाही.

म्हणून तू एकट्यापुरती पोलिसांची भाषा करू नकोस. तुला माफ केलं, असंही मी लिहीत नाही. मला अजून तसं वाटलेलं नाही. उगाच लिहून काय उपयोग?

पेट्या आल्या होत्या, त्या परत केल्या. त्या स्विचसाठी मी कंपनीच्या दुकानात नाव नोंदवलं होतं. काल तो आला. टेबलावर आहे. तो तू येऊन बसवायचा आहेस. संभाजी बसवून देतो म्हणाला, मी नको म्हटलं. बसवून झाला की मैत्री स्टँड खाली ठेवून गिअर टाकेल आणि मी शेजारी उभा राहीन. गाडी बंद पडली पाहिजे. त्यानंतर ती गाडी चालवायची की नाही, हे मैत्री ठरवील.

समाधानच्या आईला मी काही सांगितलेलं नाही. तुझं तू सांगायचं आहे, माझं मी. पुढच्या रविवारी ये. सकाळच्या गाडीने निघालास तर दुपारी जेवायला पोचशील. तिने तुझ्यासाठी भाकरी टाकायच्या आधीच सांगितलं पाहिजे, नाहीतर नंतर दोघांनाही ते जमणार नाही. आधी कोणी बोलायचं, ते फाटकापाशी ठरवू.

रामदास तायडे